ट्रूएचडी की डीटीएस-एचडी मास्टर? एकाच सिनेमाच्या दोन डिस्क, आवाज मात्र वेगळा

घोडबंदर_१४०३

नमस्कार मंडळी. वर्षभर इथलं नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदाच विचारतोय.

कासारवडवलीला दोन वर्षांपूर्वी घर घेतलं. चौदावा मजला, हॉल १४ बाय १०. मामाने त्याचा २००७ सालचा ५.१ रिसीव्हर (पाच स्पीकर आणि खर्जासाठी एक सबवूफर, म्हणजे सब, यांना आवाज देणारा डबा) आणि सगळे स्पीकर मला देऊन टाकले, त्याच्या घरी आता ते लावायला जागा नाही. ब्लू-रे प्लेअर मी वापरलेला घेतला. शनिवारी रात्री जेवणं आटपली की मी आणि मुलगी एक सिनेमा लावतो, ती आता आठवीत आहे.

एका सिनेमाच्या माझ्याकडे दोन डिस्क झाल्यात. एक इथेच घेतलेली, खोक्यावर डॉल्बी ट्रूएचडी ५.१. दुसरी भावाने परदेशातून आणली, तिच्यावर डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ ५.१. डिस्क ठरावीक देशांतल्याच प्लेअरवर चालते, ती रीजनची अडचण आली नाही. सलग पाच शनिवार तोच एक प्रसंग दोन्हींवर लावून बघितला. दर वेळी डीटीएसच सरस. आवाज भरदार, संवाद पुढे आलेले, सब तर इतका खोल जातो की स्वयंपाकघरातल्या मांडणीतली ताटं वाजायला लागतात. ट्रूएचडी लावली की ताटं गप्प. मुलीला कोणती डिस्क लावलीय ते न सांगता विचारलं, तिनेही डीटीएसच निवडली.

पण दोन्ही जर लॉसलेस, म्हणजे स्टुडिओतल्या मूळ आवाजातलं काहीच गळलेलं नाही, तर दोघांत फरक पडेलच कसा? ब्लू-रेवर ट्रूएचडीची कमाल मर्यादा १८ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) आणि डीटीएस-एचडी मास्टरची २४.५, असं वाचलं. त्यामुळे आहे का हे? यापुढे डिस्क घेताना डीटीएस बघूनच घेऊ का? एकेक डिस्क हजार-दीड हजाराला पडते, म्हणून आधी विचारतोय.

जोडणी अशी: प्लेअरमधून एचडीएमआय थेट टीव्हीला, आवाजासाठी प्लेअरमधून ऑप्टिकल केबल रिसीव्हरला. रिसीव्हरच्या डिस्प्लेच्या पट्टीवर एका डिस्कला 'डॉल्बी डिजिटल' उमटतं आणि दुसरीला 'डीटीएस'.

---

ऐरोलीकर

१८ आणि २४.५ या कमाल मर्यादा आहेत, सिनेमा तेवढ्या वेगाने वाहत नसतो. गणित करून बघा. सिनेमाचा आवाज बहुतेक वेळा ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. सहा चॅनेल धरले तर ४८,००० गुणिले २४ गुणिले ६, म्हणजे ६.९ एमबीपीएस. हा झाला काहीही न आवळलेला एलपीसीएम. लॉसलेस कोडेक, म्हणजे आवाज आवळायच्या पद्धती, त्यालाच आवळून बसवतात, त्यामुळे दोन्ही साधारणपणे याच्या खालीच राहतात. शांत प्रसंगात कमी लागतं, धुमश्चक्रीत जास्त.

एका फायलीची झिप आणि दुसऱ्या सॉफ्टवेअरने केलेली तिचीच रार, दोन्ही उलगडल्यावर आत कागद तोच निघतो. कोणाची झिप जाड झाली म्हणून आतलं अक्षर सुधारत नाही. तेव्हा आकड्यांवरून डिस्क निवडू नका.

आता तुम्हाला फरक ऐकू येतोय तो का, हे कोणीतरी जाणकार सांगेल. दोन वेगळ्या आवृत्त्यांत मिक्सच वेगळं असणं शक्य आहे.

---

विंगेतला_आवाज

ऐरोलीकरांचं गणित बरोबर आहे. पण घोडबंदर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच शेवटच्या ओळीत लिहून ठेवलंय. पट्टीवर 'डॉल्बी डिजिटल' आणि 'डीटीएस' उमटतं. ट्रूएचडी नाही, एचडी मास्टर नाही. म्हणजे पाच शनिवार तुम्ही ज्यांची तुलना करताय, त्यातलं एकही तुमच्या कानावर अजून पडलेलं नाही.

ऑप्टिकलमधून तीनच गोष्टी जातात: दोन चॅनेलचा पीसीएम (न आवळलेला आवाज), साधी डॉल्बी डिजिटल, साधं डीटीएस. ट्रूएचडीला ती वाट बंदच आहे. म्हणून ब्लू-रेवर ट्रूएचडीच्या सोबतीला साधी डॉल्बी डिजिटलही द्यावीच लागते, जास्तीत जास्त ६४० केबीपीएसची. प्लेअर ऑप्टिकलवर तीच पाठवतो. डीटीएसची घडण निराळी. तिच्या पोटात साध्या डीटीएसचा एक गाभा असतो, बहुतेक १५०९ केबीपीएसचा, आणि त्या गाभ्यात जे हुकलं त्याची भरपाई वेगळी बांधलेली असते. नवा रिसीव्हर गाभा आणि भरपाई जोडून मूळ आवाज जसाच्या तसा उभा करतो. ऑप्टिकलवर फक्त गाभा जातो, भरपाई प्लेअरमध्येच राहते.

म्हणजे तुमच्या हॉलमध्ये ६४० विरुद्ध १५०९ अशी गाठ पडलीय, तीही दोन लॉसी, म्हणजे आवळताना काही गाळलेल्या, ट्रॅकची. पण तुमची ताटं त्यामुळे वाजत नाहीत. ताटं वाजतात लेव्हलमुळे, आणि याबद्दल मला जरा सविस्तर बोलू द्या, कारण माझं सगळं आयुष्य त्यातच गेलं.

मी २६ वर्षं नाटकांना ध्वनी दिला. गडकरी रंगायतन, वाशीचं भावे, दौऱ्यावर तर मिळेल ते नाट्यगृह. स्पूलवर सुरुवात केली, लॅपटॉपवर थांबलो. दिग्दर्शकाला पावसाचे दोन तुकडे ऐकवायचे असले की मी आधी दोन्हींची सुई एका रेघेवर आणायचो, मगच प्ले दाबायचो. नाहीतर ज्याचा आवाज मोठा तोच पाऊस पसंत पडतो. एकदा घाईत मी हे केलं नाही. मोठा वाजलेला पाऊस निवडला गेला, आणि प्रयोगात बाल्कनीत जाऊन ऐकलं तर तेलात मोहरी तडतडावी तसा वाटत होता. दुसरा तुकडा खरा होता, मातीवर पडणारा. तो बिचारा तीन-चार डीबी (डेसिबल, आवाजाच्या पातळीचं माप) खाली होता, एवढाच त्याचा दोष.

डॉल्बीच्या ट्रॅकमध्ये डायलॉग नॉर्मलायझेशनचा एक आकडा भरलेला असतो. सगळ्या कार्यक्रमांतले संवाद एका पातळीवर यावेत हा त्याचा हेतू. आकडा उणे ३१ असेल तर आवाजाला हात लागत नाही. उणे २७ असेल, आणि सिनेमांच्या डिस्कवर तो बऱ्याचदा असतो, तर डीकोडर सगळा ट्रॅक ४ डीबीने खाली घेतो. नुसता खाली घेतो, दाबत नाही, काही कापत नाही; व्हॉल्यूमचं बटण थोडं मागे फिरवावं तसं. डीटीएसच्या सिनेमांवर हा प्रकार सहसा नसतो. म्हणून बटण जागेवर ठेवून डिस्क बदलली की डीटीएस ४ डीबीने मोठी वाजते. ४ डीबी म्हणजे ॲम्प्लिफायरच्या लेखी अडीचपट शक्ती.

आणि कानाचा स्वभाव असा की आवाज वाढला की खालचे सूर जास्त वेगाने वाढल्यासारखे वाटतात. बेल लॅब्जमध्ये फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये याचे आलेख मांडले. त्यामुळे ४ डीबीचा फरक 'आवाज मोठा आहे' असा कळतच नाही. तो कळतो तो 'भरदार आहे, सब खोल आहे, संवाद पुढे आलेत' असा. तुम्ही लिहिलेले शब्द तेच आहेत. तुमचे आणि मुलीचे कान चांगले आहेत, तुम्ही जे ऐकलं ते खरंच होतं. फक्त त्याचं श्रेय चुकीच्या खात्यावर जमा झालं.

मी स्वतःही फसलोय. नेरूळच्या घरी नवा रिसीव्हर आणला तेव्हा डिस्क लावायला माझ्याकडे एक जुना गेम कन्सोल होता. तो ट्रूएचडी स्वतःच्या पोटात उलगडायचा आणि एचडीएमआयवरून सहा चॅनेलचा पीसीएम पाठवायचा. रिसीव्हरवर 'ट्रूएचडी' उमटेना, नुसतं 'मल्टी चॅनेल'. मला वाटलं, आपल्याला काहीतरी कमी मिळतंय. तो विकून वेगळा प्लेअर घेतला, पट्टीवर अक्षरं उमटली आणि लगेच आवाजही सुधारल्यासारखा वाटला. वर्षभराने एका मित्राकडचा तसाच कन्सोल आणून लेव्हल जुळवून ऐकलं, तेव्हा कळलं की काहीच सुधारलेलं नव्हतं. ट्रूएचडी प्लेअरने उलगडली काय आणि रिसीव्हरने काय, बाहेर पडणारे बिट तेच असतात. डोक्यावरच्या स्पीकरांसाठीही आवाज देणारं ॲटमॉस असेल तरच रिसीव्हरकडे न उलगडता पाठवावं लागतं, कारण प्लेअरने पीसीएम केला की वरच्या स्पीकरांची माहिती गळून जाते. आणखी एक: प्लेअरमध्ये 'सेकंडरी ऑडिओ' किंवा 'ऑडिओ मिक्स' अशी सोय चालू असली तर बरेच प्लेअर लॉसलेस ट्रॅक मूळ रूपात बाहेर सोडत नाहीत. ती बंद ठेवा.

काही संगीताच्या ब्लू-रेंवर एकच ध्वनिमुद्रण एलपीसीएम, ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर अशा तिन्ही रूपांत असतं. तशी एक डिस्क मिळवली. मी डोळे मिटून सोफ्यावर, सौ. मागे रिमोट घेऊन, आणि तिच्या हातात कॅलेंडरचं उलटं पान, खुणा करायला. ट्रूएचडी की डीटीएस, २४ वेळा. १३ बरोबर आले. नाणं उडवलं असतं तरी एवढेच आले असते.

तुम्ही काय करा. पंखा बंद, खिडक्या बंद, तुमच्याकडे घोडबंदरची रहदारी वरपर्यंत येत असणार. मोबाईलवर आवाज मोजायचं ॲप घ्या, फोन सोफ्यावर डोक्याच्या जागी ठेवा. संवादांचा अर्ध्या मिनिटाचा एकच तुकडा दोन्ही डिस्कवर लावा आणि सरासरी आकडा टिपा. फोनचा आकडा स्वतःहून खरा नसतो, पण दोन आकड्यांमधला फरक खरा असतो. तेवढा व्हॉल्यूम एकीला कमी-जास्त करा आणि मग ऐका. आणि रिसीव्हरच्या मागे एचडीएमआयची भोकं आहेत का, ते बघून सांगा.

---

नौपाडाकर

मध्येच विचारते, माफ करा. आमच्याकडे साउंडबार आहे, ओटीटीवर सिनेमा लावला की त्यावर 'ॲटमॉस' उमटतं. मग ते लॉसलेसच ना? आईला मराठी सिनेमे नीट ऐकू यावेत म्हणून घेतला होता. मराठी सिनेमाची ब्लू-रे मला तर शोधूनही मिळाली नाही.

---

विंगेतला_आवाज

नाही ताई. ॲटमॉस हे स्वतः कोडेक नाही, आवाजाची जागा सांगणारी माहिती आहे. डिस्कवर ती ट्रूएचडीवर स्वार होऊन येते, तेव्हा लॉसलेस. ओटीटीवर ती डॉल्बी डिजिटल प्लसवर येते, आणि ते लॉसी. नेटफ्लिक्सने २०१९ मध्ये जाहीर केलेली कमाल मर्यादा ॲटमॉससाठी ७६८ केबीपीएस आणि ५.१ साठी ६४० अशी आहे. डॉल्बी डिजिटल प्लस टीव्हीच्या साध्या एआरसीतूनही (टीव्हीचा आवाज एचडीएमआयवरून साउंडबारकडे पाठवणारी सोय) जाऊ शकते. टीव्हीतून ट्रूएचडी न्यायची तर ईएआरसी लागते, ती २०१७ च्या एचडीएमआय २.१ बरोबर आली.

पण आईंसाठी तुम्ही लॉसलेसच्या मागे लागू नका. त्यांना संवाद कळायला हवेत. साउंडबारमध्ये सेंटर चॅनेलची लेव्हल वेगळी वाढवता येत असेल तर २-३ डीबी वाढवा, आणि रात्री बघत असाल तर 'नाइट मोड' लावा. तो मोठे आवाज दाबतो आणि बारीक आवाज वर आणतो. हॉलमध्ये मी बसलो तर तो मला सहन होत नाही, पण माझ्याही आईसाठी तो नेहमी चालू असायचा.

---

घोडबंदर_१४०३

काका, तुम्ही मला अरे-तुरेच करा. गडकरीला तुम्ही दिलेला आवाज मी नक्की कधीतरी ऐकला असणार, कॉलेजात असताना दर महिन्याला जायचो.

मागे दोन एचडीएमआय आहेत, पण पुस्तिकेत लिहिलंय की ती फक्त पुढे टीव्हीकडे पाठवण्यापुरती. त्यातला आवाज हा रिसीव्हर घेतच नाही. 'मल्टी चॅनेल इन' अशी सहा गोल भोकंही आहेत, पण माझ्या प्लेअरला तशी सहा आउटपुट नाहीत.

मोजलं. ट्रूएचडीची डिस्क ६१, डीटीएसची ६५. बरोबर चार. मी आकडा मुलीला दाखवला तर ती म्हणाली, परत घे. परत घेतला, तेवढाच. मग डॉल्बीला चारने वाढवून तो प्रसंग लावला आणि ताटं वाजली.

---

विंगेतला_आवाज

वाजणारच. आता ताटांचंही बोलू. तुझा हॉल १४ फूट लांब, म्हणजे ४.२७ मीटर. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला तर या लांबीत ४० हर्ट्झच्या आसपास पहिली लाट अडकून उभी राहते. भिंतीलगत ती सगळ्यात जोरात, मधोमध सगळ्यात क्षीण. सब कोपऱ्यात आहे ना? आणि सोफा मागच्या भिंतीला टेकलेला? बहुतेकांचा असतोच. म्हणजे सब ती लाट पूर्ण जोराने उठवतो आणि तू तिच्या तोंडावर बसतोस. तो एक सूर फुगतो आणि बाकीचा खर्ज त्याच्यामागे झाकला जातो.

एक सोपा उपाय आहे. सब उचलून सोफ्यावर ठेव, तुझ्या डोक्याच्या जागी. खर्ज चढत-उतरत जाणारा एखादा तुकडा लाव आणि भिंतीच्या कडेने रांगत जा, कान जमिनीपासून वीतभर वर. जिथे सगळे सूर सारखे ऐकू येतील, कुठला घुमणार नाही, कुठला हरवणार नाही, तिथे खडूने खूण कर. सबची जागा ती. जमलं तर सोफा भिंतीपासून दीड फूट पुढे घे. मागचे दोन स्पीकर कपाटावर असतील तर खाली उतरव, कानाच्या जरा वर, आणि बसल्या जागेच्या थोडे मागे पण बाजूला: समोरच्या स्पीकरला शून्य धरलं तर ११० ते १२० अंशांवर.

कोडेकच्या फरकापेक्षा याचा फरक कितीतरी मोठा आहे. पैसे लागत नाहीत, एक रविवार लागतो.

---

ऐरोलीकर

रिसीव्हरचं म्हणाल तर नवा घ्यायची गरज नाही. एचडीएमआयवरून सहा चॅनेलचा पीसीएम घेणारा कुठलाही वापरलेला चालेल, उलगडण्याचं काम प्लेअर करेल. विकत घेण्याआधी कोणाकडून दोन दिवस आणून ऐका. माझ्या ओळखीच्या एकाकडे पडून आहे, निरोप टाकतो.

---

घोडबंदर_१४०३

तीन आठवड्यांनी लिहितोय.

ऐरोलीकरांच्या ओळखीने कोपरखैरण्याहून एक रिसीव्हर आणला, चादरीत गुंडाळून ट्रान्स हार्बरने. अकरा किलो. घरी आणून जोडला आणि पट्टीवर 'डॉल्बी ट्रूएचडी' ही अक्षरं उमटली तेव्हा खरं सांगतो, छातीत धडधडलं. दोन-तीन सेकंद 'डायलॉग नॉर्म ४ डीबी' असंही येऊन गेलं. काकांनी सांगितलेला आकडा माझ्या घरात, पट्टीवर.

आधी दोन लॉसलेस ट्रॅक एकमेकांसमोर. लेव्हल जुळवली, मुलगी डिस्क बदलत होती, मी बाल्कनीत तोंड करून थांबायचो. १६ पैकी ९ बरोबर. तिने स्वतः दिले तेव्हा ८.

मग ऑप्टिकलही जोडून ठेवली आणि ट्रूएचडीच्याच डिस्कवर एचडीएमआय विरुद्ध ऑप्टिकल ऐकलं, म्हणजे लॉसलेस विरुद्ध ६४० ची डॉल्बी डिजिटल. माझे १६ पैकी ११. थोडा कल दिसतो, पण मी पैज लावणार नाही. एकाच जागी मला काहीतरी सापडल्यासारखं वाटलं. पाऊस थांबतो, छत्री मिटते, आणि मागच्या डाव्या स्पीकरमध्ये पागोळ्यांचे थेंब विरळ होत जातात. लॉसलेसमध्ये शेवटचे दोन थेंब वेगवेगळे होते. ऑप्टिकलवर ते जरा एकात एक मिसळल्यासारखे. हे मी खरंच ऐकलं की ऐकू यावंसं वाटलं म्हणून ऐकलं, ते अजून नक्की करायचंय. रिसीव्हर घेतोच आहे, त्यामुळे घाई नाही.

आणि रांगण्याचा रविवार. सब सोफ्यावर, मी एका भिंतीने, मुलगी दुसऱ्या. मी खूण केली ती टीव्हीच्या उजवीकडे, तिने केली ती खिडकीखाली, कोपऱ्यापासून साडेतीन फुटांवर. तिची जागा सरस निघाली. सब तिथे हलवला, सोफा पुढे ओढला. तोच प्रसंग, डीटीएसची डिस्क, व्हॉल्यूम तेवढाच. इतके दिवस मी ज्याला मेघगर्जना समजत होतो ते एकच लांब घुमणं होतं. आता त्यात सुरुवातीचा कडाडा वेगळा, मागून लोळत येणारा गडगडाट वेगळा. स्वयंपाकघरात एक ताटही वाजलं नाही. बायको आतून बघायला आली, सब बंद पडला की काय म्हणून.

डिस्कचं ठरवलं. भावाची त्याला परत देतोय. इथल्या आवृत्तीत चित्र जास्त स्वच्छ आहे, तीच ठेवतो.